ओपन स्पेस नेमकी कुणाची? शहरांतल्या उजाड बागांची पार्श्वभूमी

उन्हाळी सुट्ट्या लागल्या की मराठवाड्यातल्या जवळपास प्रत्येक शहरात त्याच तक्रारी सुरू होतात: बागेला कुलूप आहे, झोक्याच्या नुसत्या साखळ्या लोंबताहेत, कारंजे बंद आहे. चर्चा बहुतेक वेळा ठेकेदार आणि माळी यांच्यापाशीच थांबते. खरा गुंता जागेच्या कागदात आहे, आणि तो ऐंशीच्या दशकापासून चालत आला आहे.

या भागाला बागा नव्या नाहीत. खुलताबादची बनी बेगम बाग, छत्रपती संभाजीनगरातली हिमायत बाग ही ठळक उदाहरणे. तिथे आधी पाण्याची सोय झाली आणि मग झाडे लागली. पुढे निजामी राजवट गेली, मराठवाडा महाराष्ट्रात आला आणि 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाने कामांची वाटणी केली. त्यातल्या कलम 49 नुसार दिवाबत्ती, सफाई, पाणीपुरवठा ही कामे बंधनकारक ठरली. उद्याने आणि वाचनालये ऐच्छिक कामांत गेली. तिजोरीत खडखडाट असला की ऐच्छिक कामाचे काय होते, हे वेगळे सांगायला नको. 1993 मध्ये 74 वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि बाराव्या अनुसूचीतल्या, म्हणजे नगरपालिकांकडे सोपवायच्या कामांच्या यादीतल्या, 18 विषयांत उद्याने व क्रीडांगणे आली. विषय आला, पण माळ्याचे पद आले नाही. उलट 1999 मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली आणि हक्काचा, रोजचा पैसा आटला.

आता मूळ गुंत्याकडे. आपण सरसकट ज्याला ‘बाग’ म्हणतो, त्यात दोन अगदी वेगळ्या जागा येतात. एक, विकास आराखड्यात उद्यानासाठी आरक्षित केलेला भूखंड. तो संपादित करावा लागतो. दहा वर्षांत तसे झाले नाही, तर 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली मालक नोटीस देतो आणि ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही की आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. दुसरी, ले-आउटमधली ओपन स्पेस. शेतजमीन एन.ए. (बिगरशेती) करून प्लॉट पाडताना साधारण दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. आजच्या नियमावलीत 0.4 हेक्टर, म्हणजे ढोबळमानाने एकरभर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटला ही अट आहे. शहराच्या नव्या भागांतल्या बहुतेक छोट्या बागा या दुसऱ्या प्रकारच्या आहेत.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत जिल्ह्याच्या गावांभोवती शिक्षक, बँक कर्मचारी, एस.टी. कर्मचारी यांच्या कॉलन्या भराभर उठल्या. नकाशावर हिरवा चौकोन दाखवला गेला, मंजुरी मिळाली, प्लॉट विकले गेले. पण अनेक ठिकाणी त्या चौकोनाचा सातबारा मूळ मालकाच्याच नावावर राहिला. हस्तांतरण करून घ्यायचे कुणी, यावर नगरपालिका महसूलकडे बोट दाखवते आणि महसूल नगरपालिकेकडे. तीस वर्षांनी वारस उभे राहतात. तोवर त्या जागेच्या एका कोपऱ्यात समाजमंदिर, दुसऱ्यात पाण्याची टाकी आणि मधोमध कुणाचे तरी पत्र्याचे शेड आलेले असते.

कायद्यानेही हा प्रश्न पुरता सुटलेला नाही. बंगळूरच्या एका प्रकरणात 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देणे अमान्य केले. तो भाग स्वच्छ आहे. नव्वदच्या दशकातच दिल्लीच्या दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालय म्हणाले की खुली जागा सोडल्यावर मालक हा विश्वस्तासारखा उरतो. पालिकेला देखरेखीचा अधिकार मिळतो, फुकटात मालकी मिळत नाही. माझ्या मते नगरपालिकांनी यातला सोयीचा अर्धाच भाग उचलला. मालकी नाही म्हणून खर्च नाही, असा शेरा फाइलवर पडतो. पण देखरेख त्यांच्याकडेच आहे, हे त्याच निकालात आहे. त्याच कॉलनीतला माणूस दरवर्षी मालमत्ता कराच्या पावतीत ‘वृक्ष कर’ असा वेगळा रकाना भरतो, त्याला हा शेरा कसा पटावा?

गुंठेवारीत, म्हणजे मंजूर ले-आउटशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या वस्त्यांत, तर हा प्रश्नही उरत नाही. बाँडवर विकलेल्या वीस बाय तीसच्या प्लॉटांत खुली जागाच सोडलेली नाही. 2001 च्या कायद्याने आणि 2021 च्या दुरुस्तीने ती घरे नियमित होण्याची वाट मोकळी झाली. पोरांना खेळायला जागा त्याने मिळाली नाही.

2015 नंतर पैसा आला, पण बांधण्यापुरता. शहरी सुविधांसाठीच्या केंद्राच्या अमृत योजनेत हरित जागांसाठी अडीच टक्क्यांपर्यंत तरतूद होती. परभणी, बीड, जालना अशा शहरांचा त्यात समावेश होता. पेव्हर ब्लॉक, ओपन जिम, लॉन हे सगळे एकदाच्या कामात बसते. माळ्याचा पगार आणि मोटरीचे वीजबिल बसत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतूनही पगार देता येत नाही. त्यात लॉन ही या हवेत सर्वाधिक पाणी पिणारी गोष्ट. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पहिली रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली, तेव्हा बागांना पाणी घालणे शक्यच नव्हते. त्या उन्हाळ्यात जळालेली हिरवळ पुष्कळ ठिकाणी पुन्हा लावली गेली नाही. तिच्या जागी गाजरगवत आले.

2021-22 च्या सुमारास नगरपालिकांच्या मुदती संपल्या आणि डिसेंबर 2025 च्या निवडणुकांपर्यंत प्रशासकांचा कारभार चालला. वॉर्डातल्या बाईने झोक्याची तक्रार घेऊन कुणाच्या दारात जायचे, हेच जवळपास चार वर्षे ठरलेले नव्हते.

आमच्या कॉलनीतली बाग यातलीच एक. घसरगुंडीचा तळाचा पत्रा गंजून निघाला आहे. मुले तरीही चढतात आणि शेवटच्या हातभर अंतरावर दोन्ही पाय रोवून थांबतात, कारण पुढे पत्र्याची धार आहे. बोअरला पाणी आहे, कडुलिंब आणि करंज अजून तग धरून आहेत. मोटर मात्र दोन उन्हाळ्यांपासून बंद आहे. मीटर घ्यायला जागेचा उतारा लागतो, आणि उताऱ्यावर नाव अजून मूळ मालकाचे आहे.