वू-वेई (उद्योगनेतृत्वातील)

वू-वेई : ताओ मत या प्राचीन चिनी विचारपरंपरेतील एक मध्यवर्ती संकल्पना. चिनी भाषेत ‘वू’ म्हणजे नसणे आणि ‘वेई’ म्हणजे करणे. परंतु ‘निष्क्रियता’ हा तिचा सरधोपट अर्थ दिशाभूल करणारा आहे. वस्तूची अंगभूत गती ओळखून, तिच्यावर बळजबरी न करता केलेली कृती, असा तिचा आशय आहे. मराठी वाचकाला येथे गीतेतील निष्काम कर्म आठवणे स्वाभाविक आहे. तथापि गीतेचा भर फलत्यागावर आहे, तर वू-वेईचा हस्तक्षेप किती आणि कोणत्या रीतीने करावा यावर आहे.

या संकल्पनेचा आधारग्रंथ ताओ ते चिंग हा ८१ प्रकरणांचा असून त्यात सुमारे पाच हजार चिनी अक्षरे आहेत. परंपरा त्याचे कर्तृत्व इ. स. पू. सहाव्या शतकातील लाओत्से यांना देते, मात्र इ. स. पू. १०० च्या सुमारास लिहिणारा इतिहासकार सिमा छ्येन हाही त्यांच्या ओळखीविषयी निःशंक नव्हता. १९७३ मध्ये चीनमधील मावांगद्वे येथे सापडलेल्या रेशमी प्रती ज्या थडग्यात होत्या ते इ. स. पू. १६८ मधील आहे. १९९३ मध्ये चीनमधीलच ग्वोद्येन येथे मिळालेल्या बांबूच्या पट्ट्या साधारणपणे इ. स. पू. ३०० च्या मानल्या जातात. त्यांत ग्रंथाचा काही भागच आहे. अमेरिकन चीनविद्यातज्ज्ञ हर्ली क्रील यांच्या मते राज्यकारभाराचे तंत्र म्हणून वू-वेई प्रथम शन बुहाई (मृत्यू इ. स. पू. ३३७) या मंत्र्याच्या विचारात दिसते. हे मत मान्य केल्यास वू-वेई म्हणजे राजाने आपले मन उघड न करता अधिकाऱ्यांकडून काम करवून घेण्याची युक्ती ठरते. ग्वोद्येनच्या पट्ट्यांनी हा वाद निर्णायकपणे मिटत नसला, तरी नम्रतेकडे झुकणारा अर्थही तितकाच जुना असावा, असे मानण्यास त्या आधार देतात.

नेतृत्वाच्या दृष्टीने सतरावे प्रकरण विशेष महत्त्वाचे आहे. त्यात शासकांच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : शेवटच्या तिघांवर लोक अनुक्रमे प्रेम करतात, त्यांना भितात आणि त्यांचा तिरस्कार करतात. पहिल्या पायरीविषयी मात्र पाठभेद आहे. जुन्या प्रतींत ‘श्या’ (खालचे लोक) हे अक्षर असून ‘तो आहे, एवढेच लोकांना ठाऊक असते’ असा अर्थ निघतो. काही उत्तरकालीन प्रतींत त्याच्याशी दिसायला जवळचे ‘बू’ (नाही) हे अक्षर येते आणि ‘तो आहे हेही ठाऊक नसते’ असा अर्थ होतो. हा भेद किरकोळ नाही. दुसरा पाठ घेतल्यास उत्तम व्यवस्थापक कारखान्यातून अदृश्यच व्हायला हवा; पहिल्यानुसार तो जागेवर असतो, पण त्याचे ओझे कोणाला जाणवत नाही. ग्वोद्येन व मावांगद्वे या दोन्ही प्रती पहिल्या पाठाच्या बाजूच्या असल्याने तोच ग्राह्य धरणे योग्य होय.

साठाव्या प्रकरणात मोठे राज्य चालवणे हे लहान मासे शिजवण्यासारखे आहे, असे म्हटले आहे. फार ढवळल्यास मासे मोडतात. हान फेई या प्राचीन चिनी राजकीय विचारवंताच्या नावावरील भाष्यात याचा अर्थ नियम वारंवार बदलू नयेत असा लावला आहे आणि उद्योगाला तो थेट लागू पडतो. चीनच्या हायर उद्योगसमूहाचे दीर्घकाळ प्रमुख असलेले चांग र्वेमिन यांनी लाओत्सेंच्या वचनांचा जाहीर आधार घेतला आहे.

समर्थ रामदासांच्या प्रयत्नवादाशी परिचित असलेल्या सातारा-सांगली भागातील वाचकाला ही भूमिका प्रथम परकी वाटणे शक्य आहे. परंतु तिच्याशी जुळणारे अनुभव येथील कामधंद्यांत आहेत. कराड किंवा शिराळ्याकडील गुऱ्हाळावर गुळव्या भेंडीच्या चिकाने रसातील मळी वर आणून काढतो, काहिलीतील पाकाचा रंग आणि बुडबुडे पाहत थांबतो आणि नेमक्या क्षणी काहील उतरवायला सांगतो. त्याचे कौशल्य हात चालवण्याइतकेच हात आवरण्यात असते आणि तरी त्या वेळी त्याला काहिलीपासून हलता येत नाही.

शासनाच्या पातळीवर औंध संस्थानाचा प्रयोग उल्लेखनीय आहे. तो ताओ मतातून नव्हे, तर गांधीविचारातून निघाला, म्हणून त्याला समांतर उदाहरण एवढेच म्हणता येते. आज सातारा जिल्ह्यात असलेल्या औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये महात्मा गांधी व त्यांचे पोलिश अभियंता अनुयायी मॉरिस फ्रिडमन यांच्या साहाय्याने राज्यघटना देऊन आपले अधिकार प्रजेकडे सोपवले आणि ग्रामपंचायतींना कारभाराचा पाया केले. त्याच संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. तेथे कैदी कुटुंबासह राहून शेती करीत. राजेपद या काळात कायम होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले.