'नॉर्स' म्हणजे नक्की कोण?

मालिका आणि सिनेमांमुळे 'नॉर्स' आणि 'व्हायकिंग' हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. ते बरोबर नाही. व्हायकिंग म्हणजे जहाजं घेऊन लुटीला निघालेला. तो उद्योग होता, जमात नव्हे. नॉर्स मात्र मध्ययुगातले नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन आणि पुढे आइसलँड इथले सगळेच: शेतकरी, मेंढपाळ, लोहार, घर सांभाळणाऱ्या बायका.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला, तोही डच भाषेतून. मुळात अर्थ 'नॉर्वेचा', आणि त्याच्याही तळाशी उत्तर दिशा. खुद्द हे लोक आपल्या बोलीला बरेचदा 'डॅनिश जीभ' म्हणत, बोलणारा आइसलँडचा का असेना!

नॉर्वे म्हणजे 'उत्तरेची वाट', हा अर्थ बहुतेक अभ्यासक मानतात. ही वाट पाण्यातली. किनाऱ्यालगत हजारो बेटं आहेत. त्यांच्या आडोशाने खवळलेला समुद्र टाळून जहाजं जात. नवव्या शतकाच्या अखेरीस ओटार नावाच्या दर्यावर्दीने इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाला आपली हकिकत सांगितली. ती लिहून ठेवली गेली हे आपलं भाग्यच. सगळ्या उत्तरेकडच्या माणसांत मीच सर्वांत उत्तरेला राहतो, असं तो म्हणाला. त्याच्याकडे 600 माणसाळलेले रेनडिअर होते, गाई मात्र वीसच. घरापासून दक्षिणेकडच्या बंदरापर्यंत, रात्री मुक्काम करत गेलं तर, रोज वारा अनुकूल असूनही महिनाभरात पोहोचता येत नाही, असं त्याने सांगितलं. देशाला वाटेचं नाव का पडलं असेल, ते इथे कळतं.

डेन्मार्कमधल्या येलिंगच्या शिळेवर, सुमारे इ.स. 965 मध्ये, हाराल्ड राजाने डेन्मार्क आणि नॉर्वे जिंकल्याचं कोरलं आहे. तेव्हाच्या रून लिपीत, म्हणजे दगड-लाकडावर कोरायच्या त्यांच्या लिपीत, अक्षरं 16च. 'ड'साठी वेगळं अक्षर नाही, 'ग'साठीही नाही. म्हणून डेन्मार्कचं 'तनमाउर्क' झालं आणि नॉर्वेचं 'नुरुइआक'. वाचणारा संदर्भाने उच्चार ओळखत असे.

या नॉर्स लोकांतले अनेक जण पूर्व आणि उत्तर इंग्लंडात कायमचे स्थायिक झाले. इंग्रजीतले 'एग', 'स्काय', 'नाइफ' हे त्यांचेच शब्द. मला त्याहून मोलाचं वाटतं ते 'दे' (they, म्हणजे 'ते') हे सर्वनाम. वस्तूंची नावं बाजारहाटातूनही येतात. सर्वनामं मात्र भाषा सहसा उसनी घेत नाही. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या शेजार लागतो, सोयरिकी लागतात.