बेस गिटार आणि पिक: एका जुन्या समजाचा खुलासा

बेस गिटार तर्जनी आणि मधल्या बोटानेच वाजवायची असते आणि पिक (तारा छेडायची छोटी चकती) वापरणारा हा खरा बेसवादक नव्हे, हा समज शिकणाऱ्यांच्या मनात वर्षानुवर्षे घट्ट बसलेला असला, तरी वाद्याच्या इतिहासात त्याला आधार नाही. १९५१ मध्ये आलेल्या फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेस या गिटारवर सर्वांत बारीक तारेच्या खालच्या बाजूस एक छोटी पट्टी असे. तिला बोटांचा आधार देऊन तारा अंगठ्याने छेडाव्यात, अशी ती योजना होती. म्हणजे दोन बोटांची पद्धतही मूळची नव्हेच. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत बेसवादक जेम्स जेमरसन मुख्यतः एकट्या तर्जनीने वाजवत, तर लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये बेसवादक कॅरल के पिक वापरत. या दोघांना कच्चे ठरवणे अन्यायाचे होईल.

नादावर परिणाम करणारी, पण शिकवताना फार वेळा राहून जाणारी गोष्ट म्हणजे तारा छेडणाऱ्या हाताची जागा. ब्रिजजवळ (गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तिथे) तार बोटाला ताठ लागते, उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर) ठळक होतात आणि नाद टोकदार येतो. हात मानेकडे सरकवला की तोच स्वर गोल आणि भरदार होतो. पिकने वाजवताना तळहाताची कड ब्रिजलगत तारांवर अलगद टेकवली, तर गुंज लवकर विरते आणि प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. पिक मात्र सैल धरावी आणि तिचे टोक तारेखाली खोल जाऊ देऊ नये, कारण ते अडकले की लय हमखास मागे पडते.