देवाला राग काढायचा होता म्हणून येशू क्रुसावर गेला? थांबा जरा

"देव माणसांवर भयंकर चिडला होता, कुणाला तरी शिक्षा द्यायचीच होती म्हणून मुलाला क्रुसावर चढवलं, आणि सगळे ख्रिस्ती पहिल्यापासून हेच मानतात" हे वर्षानुवर्षं फिरतंय. अर्धवट आहे हे. येशूने आपल्याऐवजी शिक्षा भोगली या विचाराची मुळं बायबलमध्ये आहेतच, पण त्याची पक्की मांडणी झाली 16व्या शतकात, कॅल्व्हिन वगैरे प्रोटेस्टंट धर्मसुधारकांकडून. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचा भर तर आजही येशूने मरणानेच मरणाला हरवलं यावर असतो.

आणि ध्यान करणाऱ्या ख्रिस्ती साधकांचं अजूनच वेगळं. इंग्लंडमधली नॉर्विचची ज्युलियन घ्या, 1373 साल, वय तीस, मरायला टेकलेली, धर्मगुरूने डोळ्यांसमोर क्रूस धरला आणि तिला येशूच्या कपाळावरून रक्त ओघळताना दिसलं, मोठ्या पावसानंतर वळचणीतून पाणी गळतं ना तसं (उपमा तिचीच आहे, माझी नाही), आणि एवढं सगळं बघूनही ती लिहिते की देवात राग मला दिसलाच नाही, राग आहे तो माणसाकडेच. उलट येशूच तिला विचारतो, तुझ्यासाठी सोसलं, तू खूश आहेस ना? आणखी सोसता आलं असतं तर तेही सोसलं असतं.