मॉडेल स्टीम इंजिनाचा बॉयलर रिपेअरला द्यायच्या आधी हे वाचा

आमच्याकडे येणारी इंजिनं साधारण दोन प्रकारची असतात, एक मॅमॉड वगैरे जुनी ब्रिटिश, जी घरातल्या कुणीतरी कधीकाळी इंग्लंडहून आणलेली असतात आणि ज्यात बॉयलरखाली स्पिरिट किंवा इंधनाची वडी जळते, आणि दुसरी 32 किंवा 45 मिमीच्या रुळावर धावणारी गॅसवाली. दोन्हीचं काम करतो, खर्च मात्र बघितल्यावरच सांगतो.

लीक फिटिंगच्या आट्यांतून असेल तर काम किरकोळ आहे, वॉशर किंवा ओ-रिंग बदलली की झालं. जॉइंट लीक असेल तर आमचा पहिला प्रश्न हाच की याला आधी कुणी कथलाचा डाग दिलाय का? खरं सांगा, रागावणार नाही. कथलाचा डाग 180-190 अंशांच्या आसपासच वितळायला लागतो, म्हणजे बॉयलर एकदा कोरडा पडला की तो गेला. चांदीच्या डागाला सहाशेच्या वर तापमान लागतं, पण त्या जागी शिसं-कथील उरलं असेल तर चांदी नीट धरतच नाही, जॉइंट ठिसूळ होतो, मग सगळं घासून काढा नाहीतर तो भाग नवीन बनवा. एम-सील लावलेले बॉयलर पण येतात, त्याबद्दल काही न बोललेलं बरं.

पितळी बॉयलरवर गुलाबी चट्टे दिसत असतील तर तिथलं जस्त निघून गेलंय आणि उरलंय ते सच्छिद्र तांबं. असा बॉयलर आम्ही दुरुस्त करत नाही, कितीही आग्रह केला तरी. त्याच मापाचा तांब्याचा बनवून देतो, त्यातले बुश (फिटिंग बसवायच्या आट्यांच्या कड्या) गनमेटलचे, म्हणजे तांबं-कथलाच्या मिश्रधातूचे.

आता अपग्रेड. बरेच जण म्हणतात, प्रेशर वाढवून द्या, गाडी जास्त डबे ओढेल. नाही देणार. घरातला कुकर साधारण 1 बारवर चालतो, रुळावरची गॅसवाली इंजिनं 40 पीएसआय म्हणजे पावणेतीन बारच्या आसपास, आणि तेव्हा आत पाणी 141 अंशांचं असतं. जुन्या बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह घट्ट करून तिथपर्यंत जाणं हा अपग्रेड नव्हे. खरा फरक पडतो तो उष्णता वाया न घालवल्याने. बॉयलरखालची उघडी ज्योत गच्चीवरच्या वाऱ्यात निम्मी बाहेरच जाते, तेच बॉयलरच्या आतून नळी काढून तिच्यात बर्नर बसवला की ज्योतीच्या चारही बाजूंना पाणी. वरून लाकडी पट्ट्यांचं किंवा सिरॅमिक कापडाचं आवरण, आणि शक्य असेल तर आतली पाण्याची पातळी दाखवणारी काच आणि चालू असताना पाणी भरायचा व्हॉल्व्ह. काचेवर डोळे झाकून विश्वास मात्र नको, बारीक नळीत बुडबुडा अडकतो आणि पाणी आहे असं वाटतं. म्हणून गॅस आधी संपेल आणि पाणी मागे उरेल असंच माप आम्ही ठेवतो.

गॅस फक्त ब्युटेनच भरा. घरच्या सिलिंडरच्या गॅसमध्ये प्रोपेन असतो, त्याचं प्रेशर कितीतरी जास्त, आणि मे महिन्याच्या उन्हात ती छोटी टाकी त्यासाठी बनलेली नसते.

बॉयलरची प्रेशर टेस्ट पाण्यानेच होते, हवेने कधीच नाही, कारण पाणी दबत नाही त्यामुळे जॉइंट सुटला तरी फक्त पाणी सांडतं, हवा असती तर तुकडे उडाले असते. नवीन बॉयलर कामाच्या प्रेशरच्या दुप्पट, दुरुस्त केलेला दीडपट. गेजचा फोटो बिलासोबत देतो. आपल्याकडच्या बॉयलर कायद्यात 25 लिटरच्या आतला बॉयलर येतच नाही, म्हणजे कुणी इन्स्पेक्टर तपासायला येणार नाही, त्यामुळे ही टेस्ट आम्ही कुणालाही माफ करत नाही आणि वेगळे पैसेही लावत नाही.

घरी नेल्यावर बोअरचं पाणी घालू नका, डिस्टिल्ड किंवा गाळलेलं पावसाचं घाला, वाफेला जागा राहील एवढा वरचा भाग रिकामा ठेवा. प्रत्येक वेळी आधी सेफ्टी व्हॉल्व्ह हाताने उचलून बघा, महिनोन्महिने कपाटात राहिला की चिकटतो.

कुरियरने पाठवणार असाल तर पाणी आणि गॅस दोन्ही पूर्ण काढून, चिमणीला फोम गुंडाळून पाठवा.