ट्रायइथेनॉलअमाइन: सत्तर वर्षे वाट पाहिलेले रसायन

क्रीमच्या वेष्टनावरील घटकांत ट्रायइथेनॉलअमाइन, म्हणजे ‘टीईए’, हे नाव हमखास दिसते. त्याची कहाणी मात्र सौंदर्यप्रसाधनांच्या कितीतरी आधी सुरू होते.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्यूर्त्स यांनी १८५९ मध्ये इथिलीन ऑक्साइड शोधले आणि १८६० मध्ये त्याची अमोनियाशी गाठ घालून दिली. अमोनियाचे एक, दोन किंवा तिन्ही हायड्रोजन बदलतात आणि मोनो, डाय, ट्राय अशी तीन भावंडे एकत्रच जन्मतात. ती वेगळी करण्याचे काम जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्नोर यांनी १८९७ मध्ये ऊर्ध्वपातनाने केले. तरीही उद्योगाने त्यांच्याकडे वळून पाहिले नाही, कारण इथिलीन ऑक्साइडच स्वस्तात मिळत नव्हते. ते मुबलक होऊ लागल्यावर चित्र बदलले.

पहिले मोठे काम अगदीच रांगडे होते. नैसर्गिक वायूतला, सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड टीईएच्या द्रावणात शोषायचा, द्रावण तापवून तो बाहेर काढायचा आणि तेच द्रावण पुन्हा वापरायचे. संशोधक बॉटम्स यांना या पद्धतीचे अमेरिकी पेटंट १९३० मध्ये मिळाले. पुढे जास्त वायू शोषणाऱ्या मोनो आणि डाय या भावंडांनी टीईएला तिथून हटवले. सिमेंट दळताना आणि धातू कापण्याच्या तेलांत मात्र ते टिकून राहिले.

क्रीममध्ये टीईए शिरले ते त्याच्या दुहेरी स्वभावामुळे. एका टोकाला सौम्य अल्कली, उरलेल्या तिन्ही टोकांना पाण्याशी जमवून घेणारे अल्कोहोल. स्टिअरिक आम्लाशी मिळून त्याचा मऊ साबण होतो, तो तेल आणि पाणी एकजीव ठेवतो. कार्बोमर या दाटपणा आणणाऱ्या पॉलिमरचे पातळ, आम्लधर्मी द्रावण त्याचे काही थेंब पडताच घट्ट जेल बनते. कॉस्टिक सोड्याने हेच करता येते, पण हात जरा सैल सुटला की पीएच भलताच चढतो. टीईए चुका पोटात घालते.

१९७० च्या दशकात कापण्याच्या तेलांत आणि प्रसाधनांत नायट्रोसअमाइन गटातले नायट्रोसोडायइथेनॉलअमाइन सापडले. प्राण्यांवरील प्रयोगांत ते कर्करोगकारक ठरले होते. माझ्या मते सगळा दोष टीईएच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. त्यात अशुद्धी म्हणून उरलेले डाय भावंड आणि नायट्राइट सोडणारी, ब्रोनोपॉलसारखी परिरक्षके ही जोडी खरी घातक; ती एकत्र आली की हे रसायन तयार होते. म्हणूनच युरोपीय संघाचे नियम थेट तिथे बोट ठेवतात: अंगावर राहणाऱ्या उत्पादनांत कमाल २.५ टक्के, शुद्धता किमान ९९ टक्के, नायट्रोसअमाइन किलोमागे ५० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि साठवण नायट्राइट नसलेल्या भांड्यांतच.