रासायनिक कारखाने आणि गुप्ततेचा कायदा : अमेरिकेतील पार्श्वभूमी

रासायनिक कारखान्यांच्या सुरक्षाविषयक माहितीला अमेरिकेने कायद्याचे कुलूप घातले ते २००६ मध्ये; त्याआधी बराच काळ मात्र प्रवास बरोबर उलट्या दिशेने चालला होता. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटून हजारो माणसे मृत्युमुखी पडली आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये त्याच कंपनीच्या वेस्ट व्हर्जिनियातील इन्स्टिट्यूट या गावच्या कारखान्यात विषारी वायूची गळती झाली. त्यानंतर १९८६ च्या कायद्याने कोणत्या कारखान्यात कोणते घातक रसायन किती साठवले आहे, हे जाणण्याचा हक्क आसपासच्या वस्तीला मिळाला. १९९० मध्ये स्वच्छ हवा कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर तर भीषणतम अपघातात वायू कुठवर पसरेल, याचा अंदाजही कारखान्यांना सरकारकडे द्यावा लागू लागला.

हे अंदाज इंटरनेटवर येणार असे दिसताच घातपात करणाऱ्यांना आयतीच यादी मिळेल, अशी हरकत एफबीआयने घेतली. ऑगस्ट १९९९ च्या कायद्याने ते सरकारी वाचन-कक्षांपुरते मर्यादित झाले. नागरिकाला महिन्याला दहा कारखान्यांचे कागद वाचून टिपणे काढता येत, छायाप्रत मात्र घेता येत नसे.

११ सप्टेंबर २००१ नंतर पारडे गुप्ततेकडे झुकले. ऑक्टोबर २००६ मध्ये मंजूर झालेल्या तरतुदीवरून गृहसुरक्षा विभागाने एप्रिल २००७ मध्ये नियम केले आणि कारखान्यांचे असुरक्षितता-मूल्यांकन, सुरक्षा-आराखडे व त्यासंबंधीचा पत्रव्यवहार यांना गुप्ततेचे संरक्षण दिले. प्रशिक्षण घेतलेल्या आणि कामासाठी खरोखर गरज असलेल्या व्यक्तीलाच ते पाहता येत.

अशा संरक्षणाचा आडोसा किती सोयीचा ठरू शकतो, हे पुन्हा इन्स्टिट्यूटनेच दाखवले. ऑगस्ट २००८ मध्ये, तोवर बायर क्रॉपसायन्सकडे गेलेल्या त्या कारखान्यात स्फोट होऊन दोन कामगार दगावले. जवळच मिथाइल आयसोसायनेटची टाकी होती. रासायनिक अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळाने जाहीर सभा ठरवली, तेव्हा कंपनीने गुप्ततेचाच, पण बंदर-सुरक्षेच्या वेगळ्या कायद्यातला, आधार पुढे केला. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) समितीपुढे कंपनीच्या प्रमुखांना मान्य करावे लागले, की या रसायनावरची सार्वजनिक चर्चा टाळणे हाही त्यामागचा एक हेतू होता. अशा गुप्तता-कायद्यांच्या टीकाकारांना याहून ठोस पुरावा क्वचितच मिळाला असेल.

एप्रिल २०१३ मध्ये टेक्सासमधील वेस्ट या गावी खतसाठ्याच्या स्फोटात पंधरा जण मरण पावले, तेव्हा अडचण वेगळीच निघाली : अमोनियम नायट्रेटच्या साठ्याची नोंद राज्याच्या आरोग्य खात्याकडे होती, पण गृहसुरक्षा विभागाकडे ती कंपनीने केलीच नव्हती.

२८ जुलै २०२३ रोजी मुदतवाढ न मिळाल्याने गृहसुरक्षा विभागाचा २००७ पासूनचा हा कार्यक्रम संपुष्टात आला. कारखान्यांनी आधी दिलेली माहिती सरकारी संगणकांवर तशीच राहिली आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच प्रणालीत घुसखोरी झाली. माहिती बाहेर गेल्याचा पुरावा सापडला नाही, तरीही संबंधित कारखान्यांना सावधगिरीच्या सूचना पाठवाव्या लागल्या.